आवाज गेला, आच राहिली

आपल्याकडे सायलेन्सर हा शब्द कानाआधी पोटरीला कळतो. ज्या घरात मोटारसायकल आहे, त्या घरात एकतरी पोटरी अशी सापडतेच की जिच्यावर जुन्या पैशाएवढा तपकिरी डाग आहे. माझ्या भाच्याच्या उजव्या पोटरीवर तो आहे आणि त्याला कारण मी आहे. मे महिन्याची सुटी होती. त्याला मागे बसवून बाजारातून चक्कर मारून आणली, गाडी दारात उभी केली आणि डावीकडून उतर, एवढं सांगायचं राहून गेलं. पोर उजवीकडून उतरलं. इंजिन बंद झालं होतं, फटफट थांबली होती, त्यामुळे त्याच्या लेखी गाडी शांत झाली होती. बहीण पुढे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. भाचा आता अमेरिकेत, टेक्सास राज्यात राहतो. सुटीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर जाणं हा त्याचा छंद आहे. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा त्याने फोनवर आपल्या रायफलीचं छायाचित्र दाखवलं. नळी आखूड, नळीच्या तोंडावर लांबोडका सायलेन्सर. आणि आता त्या सायलेन्सरला जवळजवळ पूर्ण पोटात घेणारं लांब हँडगार्ड बसवायचा त्याचा बेत होता. हँडगार्ड म्हणजे नळीभोवतीचं कवच. पुढचा हात तिथे टेकवून बंदूक पेलतात. माझं आयुष्य यंत्रशाळेत गेलं. म्हणून मी विचारलं की तापलेलं नळकांडं आणि तुझा हात यांच्यामध्ये अंतर किती राहणार. तो हसला आणि म्हणाला की कवच असल्यावर चटका बसेलच कसा. त्याचं हे उत्तर मला रात्रभर पुरलं.

तो परत गेल्यावर मी या सायलेन्सरच्या मुळाशी जायचं ठरवलं आणि एका विलक्षण माणसाच्या आयुष्यात जाऊन पोचलो. त्याचं नाव हिरम पर्सी मॅक्झिम.

मॅक्झिम हे नाव इतिहासात रस असणाऱ्यांना ओळखीचं वाटेल, पण ती ओळख पर्सीच्या वडिलांची. हिरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे अमेरिकेतल्या मेन राज्यात 1840 साली जन्मलेले हरहुन्नरी गृहस्थ. दिव्यांपासून उंदराच्या सापळ्यापर्यंत अनेक गोष्टींत त्यांनी डोकं घातलं. 1881 साली ते युरोपात गेले, लंडनमध्ये कारखाना थाटला आणि 1884 साली जगातली पहिली खऱ्या अर्थाने स्वयंचलित मशीनगन दाखवली. गोळी सुटताना बंदूक जो मागे धक्का देते, त्याच धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर फेकायची आणि पुढचं काडतूस आत घ्यायचं, ही तिची युक्ती. मिनिटाला सुमारे 600 गोळ्या सुटत. एवढ्या माऱ्यात नळी तापणारच, म्हणून त्यांनी नळीभोवती पाण्याने भरलेलं जाड कवच बसवलं. मारा चालू राहिला की त्या पाण्याला उकळी फुटे. नळीची आच कुठे जाणार याचा विचार मॅक्झिम घराण्यात असा पहिल्यापासून होता.

आवाजाचा विचार मात्र वडिलांनी केला नाही आणि त्याची किंमत त्यांच्याच कानांनी मोजली. वर्षानुवर्षं बंदुकींच्या शेजारी उभं राहून हा माणूस जवळजवळ ठार बहिरा झाला. 1901 साली त्यांना सर ही पदवी मिळाली. 1916 साली ते वारले तेव्हा युरोपातल्या खंदकांत त्यांच्या यंत्राची भावंडं रात्रंदिवस धडधडत होती.

पर्सीच्या काकांची, हडसन मॅक्झिम यांची गोष्ट याहून करुण. ते स्फोटक द्रव्यांचे जाणकार. 1894 साली अशाच एका द्रव्याची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्यांचा डावा हात गेला. जगात त्यांच्याइतका त्या पदार्थांची नस ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. तरीही हात गेला. एका घरात थोरल्या भावाचे कान गेले आणि धाकट्याचा हात. त्याच घरात पर्सी वाढला.

त्याचा जन्म 2 सप्टेंबर 1869 चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधला. वडील घरात असत तेव्हा घर म्हणजे प्रयोगशाळा आणि सर्कस यांचं मिश्रण असे. मुलांच्या खोड्या काढाव्यात तशा ते खोड्या काढत, मग गंभीरपणे विज्ञानाचा धडाही देत. पुढे पर्सीने वडिलांच्या आठवणींचं एक खेळकर पुस्तक लिहिलं आणि 1946 साली त्यावर हॉलिवूडमध्ये चित्रपटही निघाला. पण त्या खेळकरपणाखाली एक ठसठस होती. 1881 साली वडील युरोपात गेले ते घराकडे परतलेच नाहीत. तिकडे त्यांनी दुसरा संसार मांडला. पर्सी तेव्हा बारा वर्षांचा. कीर्तिमान बापाचं नाव आणि नसलेला बाप, असा दुहेरी वारसा घेऊन तो मोठा झाला.

1886 साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतच, त्याने एमआयटीमधला यंत्रविद्येचा अभ्यासक्रम पूर्ण केला. नोकरी लागली ती मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी, तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यात. 1892 च्या सुमारास एका रात्री सायकलवरून परत येताना त्याच्या मनात आलं की पाय न मारता, घोडा न जुंपता असं वाहन पळालं तर? त्यासाठी पेट्रोलची ताकद अजमावायला त्याने काय करावं, तर तोफेची रिकामी पुंगळी घेतली, तिच्यात पेट्रोलचे थेंब टाकले आणि वरून पेटती काडी सोडली. व्हायचं तेच झालं. भडक्याने त्याची चांगलीच धांदल उडवली. त्या दिवशी हातापायांनिशी वाचला ही नशिबाची गोष्ट. काकांवर जो प्रसंग पुढे दोन वर्षांनी ओढवला, तो पुतण्यावर आधीच यायचा होता.

त्यातून त्याने शेवटी इंजिन बनवलं. 1895 साली हार्टफर्ड शहरातल्या पोप या प्रसिद्ध सायकल कंपनीने त्याला मोटारगाड्या बनवण्यासाठी बोलावून घेतलं. अमेरिकेत मोटार म्हणजे नवलाई होती, त्या काळातला हा प्रवर्तक. 1898 साली त्याचं लग्न झालं, पुढे मुलं झाली, आणि हार्टफर्ड हेच त्याचं गाव झालं.

मोटारीच्या फटफटाटात दिवस काढणाऱ्या या माणसाला आवाज कमी करण्याचा ध्यास लागला यात आश्चर्य नाही. त्याला स्वतःला नेमबाजीची आवड होती आणि आपल्या आवडीचा शेजाऱ्यांना ताप होऊ नये असं वाटत होतं. सांगतात की न्हाणीच्या टबातलं पाणी मोरीत उतरताना भोवरा करून हळूहळू कसं जातं, हे पाहताना त्याला कल्पना सुचली. गोळीमागून नळीच्या तोंडातून दारूचा तापलेला वायू एकदम फुटून बाहेर पडतो, म्हणून बार होतो. तोच वायू आडवळणांनी फिरवून सावकाश सोडला तर बार विरेल. 30 मार्च 1909 रोजी या सायलेन्सरचं पेटंट त्याला मिळालं. राष्ट्राध्यक्षपद भूषवलेले थिओडोर रूझवेल्ट यांच्यासारख्या नामवंतांकडेही तो पोचला. दुकानातून, टपालाने, कोणालाही तो मागवता येई. पुढे हेच तत्त्व इंजिनांना आणि कारखान्यांतल्या यंत्रांना लावून त्याच्या कंपनीने मोठा व्यवसाय उभा केला. भाच्याच्या पोटरीवरचा डाग आणि हार्टफर्डचा हा गृहस्थ यांचं नातं एवढं जवळचं आहे!

आता इथे थोडं थांबू. पर्सीने आवाज पकडला, म्हणजे काय पकडलं? वायू पकडला. वायू पकडला म्हणजे त्याची उष्णता पकडली. जी आच पूर्वी क्षणात हवेत जाई, ती आता त्या धातूच्या नळकांड्यात साठू लागली. लागोपाठ मारा केला तर आजचे सायलेन्सर काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापतात आणि बराच वेळ तसेच राहतात. लाल झालेलं लोखंड पाहून माणूस सावध होतो. हे नळकांडं काळं असतं आणि काळंच दिसतं.

शिवाय सायलेन्सर या नावावर जाऊ नये. सिनेमातला तो हलकासा फुस्स खरा नसतो. रायफलीचा बार 160 डेसिबलच्या आसपास असतो. सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस कमी करतो. उरतो तो आवाजही कानाला इजा करणाऱ्या पातळीच्या आसपास असतो, आणि ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला तडाखा तर कोणत्याच सायलेन्सरला अडवता येत नाही. म्हणून जाणते नेमबाज सायलेन्सर लावूनही कानांवर संरक्षक घालतात. मॅक्झिमच्या वडिलांचे कान आठवावेत आणि ते घालावेत.

पर्सीचं पुढचं आयुष्य मात्र शांततेपेक्षा संवादात रमलं. त्याला बिनतारी संदेशांचं वेड लागलं. एप्रिल 1914 मध्ये तीस मैलांवरच्या स्प्रिंगफील्ड गावाला त्याला एक निरोप द्यायचा होता. त्याचं यंत्र तिथवर पोचेना. मग मध्येच असलेल्या दुसऱ्या एका हौशी माणसाने तो निरोप झेलून पुढे धाडला. त्यावरून त्याला सुचलं की देशभरच्या हौशींची अशी साखळीच का बांधू नये? त्याच वर्षी क्लॅरेन्स टस्का या तरुण सहकाऱ्याबरोबर त्याने अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. आजही हॅम रेडिओवाल्यांमध्ये त्याचं नाव आदराने घेतलं जातं, आणि कनेक्टिकटमधलं त्याच्या स्मरणार्थ चालणारं केंद्र अजून हवेत आहे. 1926 साली त्याने हौशी चित्रपटकारांची संघटनाही काढली. बहिऱ्या बापाच्या या मुलाने दूरदूरच्या अनोळखी माणसांना एकमेकांचं ऐकायला शिकवलं.

आणि मग आलं 1934 साल. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांनी अमेरिकेत जो हैदोस घातला होता, त्याला आळा घालण्यासाठी राष्ट्रीय कायदा झाला. त्यात तीन गोष्टी एका पंक्तीला बसल्या: मशीनगन, सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफली व शॉटगन. प्रत्येकीची नोंदणी आणि हस्तांतरावर 200 डॉलर कर. तो कर तेव्हा सायलेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट होता. बापलेकांची आयुष्यात भेट अभावानेच झाली, पण बापाचं यंत्र आणि लेकाचं यंत्र त्या कायद्याच्या एकाच कलमात शेजारी शेजारी येऊन बसलं. तो दोनशेचा आकडा नव्वद वर्षं हलला नाही. 2026 च्या आरंभी सायलेन्सर आणि आखूड नळी यांच्यावरचा कर शून्य झाला. नोंदणी मात्र राहिली.

पुढे दोनच वर्षांनी, रेल्वेने पश्चिमेकडे जात असताना पर्सी आजारी पडला. त्याला वाटेत कोलोरॅडोमधल्या ला हुंता या गावी उतरवावं लागलं आणि तिथेच 17 फेब्रुवारी 1936 रोजी तो गेला. वय 66. कान शाबूत, दोन्ही हात शाबूत. त्या घराण्यात ही लहान गोष्ट नव्हती.

हे सगळं वाचून झाल्यावर मी भाच्याला मोठं पत्र लिहिलं. भावनेचं कमी आणि कामाचं जास्त. माझ्या मनात एकच गोष्ट होती. मॅक्झिमच्या काळातला सायलेन्सर नळीच्या पुढे उघडा असे. तो तापलाय हे कळो न कळो, तो आहे हे तरी दिसत असे. त्याच्यावर कवच चढवलं की तेही दिसेनासं होतं. आवाज गेला, आता नजरही गेली. धोका आहे तिथेच आहे, फक्त त्याची खबर देणारे दोन्ही नोकर रजेवर गेले.

मग एकेक मुद्दा लिहिला. आखूड नळीत दारू पुरती जळून दाब उतरायच्या आत गोळी बाहेर पडते, त्यामुळे सायलेन्सरच्या पहिल्या पडद्यावर जास्त दाबाचा आणि जास्त तापलेला वायू आदळतो. प्रत्येक सायलेन्सर कमीत कमी किती लांबीच्या नळीवर चालेल हे बनवणारा सांगतो. ते आधी पाहावं. कवच आणि सायलेन्सर यांच्यात चहूबाजूंनी मोकळी हवा हवी. मोटारसायकलच्या सायलेन्सरवर जी जाळीची पट्टी असते, ती चिकटून बसवलेली नसते. मधल्या फटीतून वारा खेळतो म्हणून तिचा उपयोग. अॅल्युमिनियमचं कवच वारा नसेल तर हळूहळू स्वतःच तवा होतं. त्याच्या खिडक्या हाताने किंवा पट्ट्यांनी बुजवू नयेत.

दुसरी गोष्ट सरळपणाची. सायलेन्सरच्या आतल्या पडद्यांना जी भोकं असतात, त्यांतून गोळी जेमतेम अंतर राखून जाते. सायलेन्सर किंचित तिरका झाला तरी गोळी पडद्याला घासते, आणि मग नळकांडं फुटू शकतं. माऱ्याच्या हादऱ्यांनी त्याचे आटे सैल होतात. उघडा असेल तर ते डोळ्याला दिसतं. झाकलेला असेल तर मुद्दाम तपासावं लागतं. लांब कवच हाताच्या दाबाने वाकून आतल्या सायलेन्सरला टेकत असेल, तर तेही त्याला रेटा देतं. बसवून झाल्यावर नळीतून सायलेन्सरच्या तोंडापर्यंत सरळ सळई घालून ती मधोमध येते का, हे पाहणं म्हणूनच गरजेचं. यंत्रशाळेत आम्ही डोळ्यावर कधी विसंबलो नाही, मापावर विसंबलो.

तिसरी गोष्ट हाताची. कवच लांबलं की हात पुढे सरकतो. पूर्वी तो नळीच्या तोंडाच्या बराच मागे असे, आता तो थेट त्या स्फोटाच्या कोठडीला वेढून असतो. म्हणून सायलेन्सरचं टोक कवचाच्या तोंडाशी किंवा त्याच्या थोडं पुढे यावं, फार आत राहू नये. नाहीतर वायूचा झोत कवचातच फुटतो. आणि बोटं पुढे घसरून गोळीच्या वाटेत जाऊ नयेत म्हणून कवचाखाली एक अडसर बसवावा. स्वस्तातली वस्तू आहे, पण हडसन मॅक्झिम यांना विचारलं असतं तर हाताची किंमत त्यांनी बरोबर सांगितली असती.

आणि सगळ्यांत आधीची गोष्ट शेवटी लिहिली, कारण शेवटचं वाक्य लक्षात राहतं. हे काम हाती घेण्यापूर्वी मॅगझिन काढायचं, नळीचं घर उघडून डोळ्याने पाहायचं, बोटाने चाचपायचं, आणि काडतुसं त्या खोलीतच ठेवायची नाहीत. गार झाल्याशिवाय सायलेन्सरला हात लावायचा नाही. मैदानावरून परतताना कवच गार लागलं म्हणून बंदूक पिशवीत कोंबायची नाही. बाहेरून गार लागणं हीच कवचाची फसवणूक.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. आणलेलं कवच त्याने परत केलं होतं. आतून अधिक रुंद, भरपूर खिडक्यांचं, पुढे अडसर असलेलं दुसरं मागवलं होतं, आणि ते एका परवानाधारक बंदूक कारागिराकडून बसवून घेतलं होतं. सळई मधोमध आली, हे त्याने दोनदा सांगितलं. माझ्या पत्राबद्दल तो काही बोलला नाही. भाचे बोलत नाहीत.

पण मला दिवाळीतला एक प्रसंग आठवला. मी त्याला विजेवर चालणाऱ्या माझ्या नव्या स्कूटरवर बसवून भाजी आणायला नेलं होतं. या गाडीला सायलेन्सरच नाही. तापायला काही नाहीच. दारात गाडी थांबली, चाळिशीला टेकलेला तो गृहस्थ पिशव्या सांभाळत, माझ्याशी बोलत बोलत, न बघता डावीकडून उतरला.